हदीसचे पारखी मुहम्मद ताहिर पट्टणी

उज्जैनच्या रामघाटावर उभे राहून क्षिप्रेकडे पाहताना आम्हांस नेहमी एका वाटसरूचे स्मरण होते. गुजराथेतून आग्र्यास जाणारी जुनी वाट उज्जैनवरून पुढे सारंगपूरकडे जात असे. त्या वाटेने निघालेले एक वृद्ध विद्वान आग्र्यास कधीच पोहोचले नाहीत. ते म्हणजे मुहम्मद ताहिर पट्टणी.

त्यांचा जन्म गुजराथेतील पाटण येथे सुमारे १५०८ मध्ये एका सधन बोहरा घराण्यात झाला. पैगंबर मुहम्मद यांच्या वचनांच्या व आचरणाच्या परंपरागत नोंदींस हदीस म्हणतात. या विद्येसाठी ते मक्केस गेले. तेथे मूळचे बऱ्हाणपूरचे विख्यात पंडित अली मुत्तकी त्यांना गुरू लाभले.

परत आल्यावर त्यांनी आपली पैतृक संपत्ती विद्यादानात वेचली. गरीब पण हुशार मुलांना ते निर्वाहवेतन देत. गुरूच्या उपदेशानुसार ते पाठ देता देताच ग्रंथ उतरविणाऱ्यांसाठी शाई घोटीत. हदीसमधील दुर्बोध शब्दांचा त्यांचा मोठा कोश एकोणिसाव्या शतकात लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने छापला. हदीस कथन करणाऱ्यांच्या नावांचे अचूक उच्चार सांगणारा एक ग्रंथ आणि बनावट हदीस निवडून दाखविणारा दुसरा, असेही त्यांचे लेखन आहे. मोठ्या नावावर खपविलेले वचन पुराव्यावाचून स्वीकारावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

याच बाण्याने त्यांना संघर्षात ओढले. गुजराथेत तेव्हा महदवी पंथाचा प्रभाव होता. तो नाहीसा होईपर्यंत डोक्यास पागोटे बांधणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. १५७२ मध्ये अकबर बादशहा पाटणास आला, तेव्हा त्याने स्वहस्ते त्यांना पागोटे बांधून साहाय्याचे वचन दिले, असे सांगतात. पुढे सुभेदार बदलले. दोह्यांमुळे आपणांस परिचित असलेले अब्दुर्रहीम खानखानान आले आणि राजाश्रय ओसरला. पुन्हा दाद मागण्यासाठी ताहिर आग्र्याकडे निघाले. १५७८ मध्ये उज्जैन व सारंगपूर यांच्या दरम्यान विरोधकांनी त्यांचा वध केला. त्यांचा देह पाटणास नेऊन दफन करण्यात आला.

महदवी पंथातही विरक्त व सदाचारी माणसे होती, हे विसरता कामा नये. शब्दांचा खरेखोटेपणा ताहिरांनी पुराव्याने ठरविला, तो निकाल आजही मानला जातो. श्रद्धेचा वाद मात्र त्यांनी राजसत्तेकडे नेला आणि तो रक्तातच संपला. विद्यार्थी मित्रांनो, आम्हांस वाटते, या थोर पुरुषाचे पागोटे विसरावे. शाई घोटणारे त्यांचे हात तेवढे स्मरणात ठेवावेत.