विश्लेषण : चंद्रपूरचे रूप घडवणाऱ्या राणी हिराई कोण होत्या?

जटपुरा गेटची वाहतूक कोंडी चंद्रपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. हत्ती, घोडे आणि बैलगाड्यांच्या काळात बांधलेल्या दरवाजातून आज ऑटो, कार आणि दुचाकी वाट काढतात. हा दरवाजा आणि त्याला जोडलेला परकोट गोंड राजांच्या काळातला. त्या घराण्यात 15 वर्षे कारभार एका स्त्रीच्या हाती होता. त्या म्हणजे राणी हिराई. त्यांनी नवे शहर वसवले नाही. मात्र हाती आलेले शहर त्यांनी सांभाळले आणि त्यात अशी भर घातली, की चंद्रपूरची ओळख आजही त्यावर उभी आहे.

शहर आधी कसे होते?

चांद्याच्या स्थापनेची आख्यायिका खांडक्या बल्लाळशहा यांच्याशी जोडलेली आहे. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला गेले असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या झऱ्याचे पाणी त्यांना लागले आणि त्या गाठी गेल्या, असे सांगतात. त्याच जागी अचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे राजाच्या कुत्र्यामागे एक ससा लागला. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेवर परकोटाची रेषा आखली गेली, अशी कथा आहे.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी आखणी समजून घेण्यासारखी आहे. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि मधल्या जमिनीभोवती सुमारे 11 किलोमीटरचा दगडी परकोट. त्याला जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण या पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. मोठी वर्दळ दरवाजांतून आणि रोजची बारीकसारीक ये-जा खिडक्यांतून, अशी ती सोय. मसाण खिडकीचा उपयोग तर नावातच आहे. आत रामाळा तलाव. संरक्षण, रस्ते आणि पाणी या तिन्हींचा विचार एकाच आखणीत दिसतो.

हिराईंकडे कारभार कसा आला?

हिराई या राजा बीरशहा यांच्या पत्नी. बीरशहा यांचा त्यांच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी हिरामण नावाच्या रजपुताने खून केला, अशी हकीकत इतिहासात येते. राजाला मुलगा नव्हता. वारस नसलेली गादी म्हणजे घरातल्या भाऊबंदकीला आणि बाहेरच्या फौजांना आयते आमंत्रण. हिराईंनी चंदनखेड्याच्या नातलग घराण्यातील रामशहा या लहान मुलाला दत्तक घेतले आणि 1704 पासून त्याच्या वतीने राज्य चालवले. 1719 मध्ये रामशहा कारभार पाहू लागले. दत्तक मुलाच्या नावावर सत्ता आयुष्यभर स्वतःकडे ठेवणे त्या काळात अशक्य नव्हते. इथे ती ठरल्याप्रमाणे वारसाकडे गेली.

त्यांनी काय बांधले?

सर्वांत ठळक काम म्हणजे अचलेश्वर दरवाजाजवळची बीरशहा यांची समाधी. गोंड राजांच्या समाध्यांमध्ये ती सर्वांत भव्य आहे. आग्र्यात बादशहाने बेगमेसाठी ताजमहाल बांधला, चंद्रपुरात राणीने राजासाठी समाधी बांधली, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. अचलेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार आणि महाकाली मंदिराची उभारणी यांचे श्रेयही हिराईंनाच दिले जाते.

या कामांचा नकाशा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. ती एकमेकांपासून जवळ आहेत, शहराच्या पूर्वेला झरपटच्या बाजूने. जिथे शहराची मूळ कथा सुरू होते, तिथेच राणीने समाधी आणि देवळे उभी केली. राजाचा खून झालेला, गादीवर दत्तक मूल आणि कारभार विधवेच्या हाती. अशा वेळी घराणे संपलेले नाही, हे प्रजेला डोळ्यांनी दिसणे गरजेचे होते. या बांधकामांतून ते दिसले असणार.

त्याचा परिणाम पुढेही टिकला. परकोट शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी होता, तर महाकालीचे देऊळ बाहेरच्या माणसांना शहरात आणू लागले. चैत्रातल्या यात्रेला आजही नांदेडसह मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भाविक येतात. या दिवसांत शहराच्या बाजारपेठेलाही यात्रेचा आधार असतो.

नंतर शहराचे काय झाले?

1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे 1818 मध्ये इंग्रजी तोफांनी परकोटाला खिंडार पाडले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदाही थेट इंग्रजी अमलाखाली आले. साहेबांची वस्ती, म्हणजे सिव्हिल लाइन्स, जटपुरा दरवाजाच्या बाहेर झाली. जुने शहर आत आणि सत्तेची कार्यालये बाहेर, ही पद्धत वसाहतींच्या काळात जगभर दिसते. आफ्रिकेत मोरोक्कोच्या रबात शहरात फ्रेंचांनी 1912 नंतर तटबंदीतले जुने शहर तसेच ठेवून बाहेर नवे शहर आखले. नैरोबीत तर युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकी लोकांच्या वस्त्याच वेगळ्या होत्या. अशा आखणीत नव्या भागाला मोकळी जागा आणि रुंद रस्ते मिळतात, जुन्या भागाच्या वाट्याला दाटी येते.

आजचा प्रश्न काय आहे?

परकोट आणि समाध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. 2010 च्या कायदा दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. एखाद्या एकट्या मंदिरासाठी हा नियम पाळणे सोपे असते. इथे स्मारक म्हणजे शहराला वेढणारी 11 किलोमीटरची भिंत आहे. त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांना पडके छप्पर बदलतानाही कायद्याचा विचार करावा लागतो. वारसा जपायचा आणि त्याला लागून राहणाऱ्या माणसालाही जगू द्यायचे, हा तोल अजून साधलेला नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी नाही. झरपट आणि रामाळा तलाव सांडपाणी व जलपर्णीने ग्रासले आहेत आणि इरईला पूर आला की नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. दिलासा एवढाच, की 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झुडपे आणि कचरा काढायला घेतला. बुरूज पुन्हा दिसू लागले आणि लोक भिंतीवरून फिरायला येऊ लागले.

हिराईंनाही शहर तयारच मिळाले होते. त्यांनी जुने दुरुस्त केले, त्याला जोडून नवे उभारले आणि 15 वर्षांनी ते पुढच्या हातात दिले. महापालिका, पुरातत्त्व विभाग आणि परकोटालगतचे रहिवासी यांच्यासमोर आज तेच काम आहे.