काचेवर उजेड पकडणारे राजा दीनदयाळ



आज आपल्या मंठ्यात घरोघरी मोबाईल आहे. लग्न असो, बारसं असो की बैलपोळा, खिशातून मोबाईल काढला की झाला फोटो. नाही आवडला तर पुसून टाकला आणि दुसरा काढला. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी असं नव्हतं बरं का! तेव्हा फोटो कागदावर किंवा फितीवर नाही, तर काचेवर निघायचा. एक काच म्हणजे एक फोटो. ती काच चुकून क्षणभर उन्हात उघडी पडली तर संपलं सगळं. अशा काळात ज्यांनी हजारो काचा जपल्या, त्यांवर राजवाडे, लेणी, राजे आणि दुष्काळात होरपळलेली माणसंही उतरवली, त्या राजा दीनदयाळ यांची ही गोष्ट आहे. आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि दीनदयाळ हे त्याच राज्याचे दरबारी छायाचित्रकार होते. म्हणून त्यांची ओळख आपल्याला असायलाच हवी.

दीनदयाळ यांचा जन्म इ. स. १८४४ मध्ये उत्तर प्रदेशातील मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. हे घराणं जवाहिऱ्यांचं. पण दीनदयाळ यांनी वेगळी वाट धरली. रुडकी येथील थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात ते स्थापत्याचं शिक्षण घेऊ लागले. नकाशा काढणं, मोजमाप घेणं, खर्चाचा अंदाज बांधणं ही कामं ते तिथे शिकले. १८६६ साली शिक्षण पुरं झालं आणि त्यांना इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. अहिल्याबाईंच्या घराण्याचं हे राज्य आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहेच.

नोकरी करता करता, १८७४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला. तेव्हा ते तीस वर्षांचे होते. शिकायला वयाची अट नसते, हे इथे लक्षात ठेवा. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना उत्तेजन दिलं. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला, त्या वेळी त्याचे फोटो काढण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली.

आता त्या वेळी फोटो कसा काढत, ते बघू. हे जरा नीट वाचा.

सुरुवातीला ओल्या काचेची रीत होती. स्वच्छ घासलेली काच हातात धरायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट औषध ओतायचं आणि काच हळूहळू कलती करून ते चारही कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरवायचं. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवायची. आता तिला उजेड कळू लागला! ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. या सगळ्याला मिनिटं मिळायची ती अगदी मोजकी, आणि उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. काच वाळली की फोटो गेला.

मग रानावनात, डोंगरावर अंधारी खोली आणायची कुठून? तर छायाचित्रकार आपली अंधारी खोली सोबतच न्यायचा. जाड काळ्या कापडाचा तंबू, औषधांच्या बाटल्या, पाण्याची भांडी, काचांच्या पेट्या, तिकाटणं आणि भला मोठा लाकडी कॅमेरा, असा सगळा संसार बैलगाडीत भरायचा. तंबूत घाम पुसत काम करायचं. चांदीच्या क्षाराने बोटं काळी पडायची. आणि पाणी तर हवंच हवं. चैत्र-वैशाखात पाण्यासाठी किती हिंडावं लागतं, ते आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

पुढे कोरड्या काचा आल्या. १८७१ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिन वापरून ही युक्ती काढली आणि काही वर्षांत तयार काचा कारखान्यांतून मिळू लागल्या. या काचा आधीच तयार करून ठेवता येत. फोटो काढल्यावर लगेच धुवायची घाईही नसे. छायाचित्रकाराचा तंबू सुटला! पण एक अडचण राहिलीच. भर दुपारी, लख्ख उन्हात, ही काच कॅमेऱ्यात घालायची कशी आणि काढायची कशी?

त्यासाठी एक चपटी लाकडी पेटी असे. तिला डार्क स्लाइड म्हणत. दिसायला पाटीसारखी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक काच बसायची, मध्ये काळा पडदा असायचा, आणि बाहेरून दोन्हीकडे सरकती झाकणं. रात्री किंवा अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या मंद उजेडात, या पेट्या भरून ठेवायच्या. लालच कंदील का? कारण त्या वेळच्या साध्या काचांना निळा-जांभळा उजेड चटकन कळे, पण लाल उजेड जवळजवळ कळतच नसे. अशा सहा पेट्या भरल्या की बारा फोटोंची सोय झाली.

दिवसा फोटो घ्यायच्या वेळी क्रम असा असे :

१. तिकाटण्यावर कॅमेरा पक्का बसवायचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर चित्र बघायचं. हे चित्र उलटं दिसतं, माणसं डोक्यावर उभी! भिंग पुढेमागे करून ते स्पष्ट करून घ्यायचं.

२. भिंगावर टोपण घालायचं. आता कॅमेऱ्याच्या आत पूर्ण अंधार.

३. दुधी काच बाजूला करून त्या जागी भरलेली चपटी पेटी बसवायची.

४. पेटीचं आतल्या बाजूचं झाकण वर ओढायचं. काच उघडी झाली खरी, पण ती कॅमेऱ्याच्या पोटातल्या अंधारात.

५. भिंगाचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि टोपण पुन्हा लावायचं.

६. पेटीचं झाकण खाली सरकवून बंद करायचं, मगच पेटी बाहेर काढायची.

यातली दुसरी पायरी विसरून थेट चौथी केली, तर काच काळीठिक्कर. सहावी विसरली तरी तेच. झाकण आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट असली तरी काचेवर पांढऱ्या उजेडाचा ओरखडा उठायचा. म्हणून पेटी बसवताना कॅमेऱ्यावर काळं कापड पांघरत, पेट्या सावलीत ठेवत आणि झालेली काच कोणती, राहिलेली कोणती, याची खूण न चुकता करत. एकाच काचेवर दोनदा फोटो घेतला तर दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळून जायची. बाहेरगावी काचा बदलायच्याच असल्या तर काळ्या जाड कापडाची पिशवी असे. तिला दोन बाह्या. त्यांतून हात घालून, डोळ्यांनी न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने जुनी काच काढायची आणि नवी बसवायची.

दीनदयाळ मूळचे नकाशे काढणारे. मोजमाप, शिस्त, क्रम हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तेच त्यांच्या इथे कामी आलं. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर ते मध्य भारताच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहो अशा ठिकाणचे किल्ले, राजवाडे आणि मंदिरं त्यांनी काचेवर घेतली. ती चित्रं १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचं नाव सगळीकडे झालं. १८८५ मध्ये ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले. शेवटी त्यांनी सरकारी नोकरीला रामराम ठोकला आणि पूर्ण वेळ हेच काम हाती घेतलं. बांधलेला पगार सोडायला किती धाडस लागतं, ते पालकांना विचारा!

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपल्या दरबारी घेतलं. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ निघाला. निजामाने त्यांना राजा हा किताब आणि मुसव्विर जंग ही पदवी दिली. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे बिनधास्त फोटो काढून घेता येऊ लागला. १८९६ मध्ये मुंबईलाही स्टुडिओ सुरू झाला. १८९७ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने त्यांना आपले छायाचित्रकार म्हणून मान दिला. मुलगे ज्ञानचंद आणि धरमचंद हेही याच कामात होते.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राज्यातील प्रेक्षणीय स्थळांचे फोटो दीनदयाळ यांनी काढले. त्यांत वेरूळची लेणी आहेत आणि दौलताबादचा किल्लाही आहे. आपल्यातली जी मुलं सहलीला वेरूळला जाऊन आली आहेत, त्यांनी आठवून बघावं. कैलास लेण्याच्या अंगणात लख्ख ऊन, आणि दोन पावलं आत गेलं की काळोख. बाहेरच्या उन्हात काच क्षणात भाजून निघायची, तर आत तीच काच बराच वेळ उघडी ठेवावी लागायची. वेळ मोजायला कॅमेऱ्यात यंत्र नव्हतं. सगळा हिशोब छायाचित्रकाराच्या नजरेत आणि अनुभवात.

पण त्यांच्या सगळ्याच काचांवर राजवाडे नाहीत. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी राजा दीनदयाळ आणि मुलगे यांच्या स्टुडिओने औरंगाबाद भागातील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडील, दुष्काळग्रस्तांचे फोटो घेतले. त्यांत हाडांचा सापळा झालेली माणसं आहेत. पोट पाठीला लागलेलं, डोळे खोल गेलेले. त्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण ती आपल्याच मातीतली माणसं. दुष्काळ पडला होता असं पुस्तकात एका ओळीत लिहिलं तर आपण ती ओळ वाचून पुढे जातो. फोटो बघितला की पुढे जाता येत नाही. ज्याच्या कॅमेऱ्यासमोर निजाम आणि व्हाइसरॉय बसले, त्याच्याच स्टुडिओच्या कॅमेऱ्याने या उपाशी माणसांचीही नोंद ठेवली. काचेला राजा आणि रंक सारखेच. समोर जे असेल तेच ती दाखवते.

आता विचार करा, त्या दिवशी कुणी निष्काळजीपणाने पेटीचं झाकण उघडं टाकलं असतं तर? त्या माणसांची शेवटची खूणही पुसली गेली असती. काच काढताना आणि घालताना घेतलेल्या त्या चार क्षणांच्या काळजीवर एवढं सगळं अवलंबून होतं.

१९०४ मध्ये धरमचंद वारले. तरुण मुलगा गेल्याचं दुःख मोठं होतं. पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९०५ रोजी राजा दीनदयाळ यांचं निधन झालं. त्यांच्यामागे उरल्या काचा. एखाद्याच्या घरी सोनं-नाणं उरतं, शेतीवाडी उरते. इथे पेट्याच्या पेट्या भरून काचा. कुटुंबाने त्या सांभाळल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचा घेतल्या आणि जतन केल्या. २००६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

मित्रांनो, या चरित्रातून घेण्यासारखं खूप आहे. दीनदयाळ हे काही जन्मतःच छायाचित्रकार नव्हते. नोकरी सांभाळून ते शिकले. मोठं काम करायचं तर बारीकसारीक गोष्टींतही चूक होऊ द्यायची नाही, हे त्यांच्या कामात दिसतं. आपली वही असो, गणितातली पायरी असो की प्रयोगशाळेतली काचेची नळी, क्रम चुकला की उत्तर चुकतं.

करून बघा : बुटाच्या रिकाम्या खोक्याच्या एका बाजूला सुईने बारीक भोक पाडा. समोरची बाजू कापून तिथे तेल लावलेला पातळ कागद चिकटवा. डोक्यावर घोंगडी घ्या आणि भोक उन्हातल्या झाडाकडे धरा. कागदावर झाड उलटं दिसेल. दीनदयाळ काळ्या कापडाखाली रोज असंच चित्र बघत होते. मात्र भोकातून सूर्याकडे डोळा लावू नका.

पालकांना विनंती : घरातल्या ट्रंकेत आजोबा-आजीचे जुने फोटो, निगेटिव्ह किंवा काचा असतील तर टाकून देऊ नका. उन्हात आणि ओलीत ठेवू नका. काच कडेने धरा, मधे बोट लावू नका. कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. ती नावं सांगणारी म्हातारी माणसं आज घरात आहेत. त्यांना विचारायचं ते आजच विचारा.