हिराबाई पेडणेकर : पुरुषांच्या रंगभूमीवरील एकाकी नाटककार

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात नायिका रंगविणारे लेखक पुरुष होते आणि लुगडे नेसून तिची भूमिका करणारे नटही पुरुषच होते. नाटक कंपन्यांचे मालकही तेच. अशा काळात हिराबाई पेडणेकर यांनी नाटककार होण्याचे धाडस केले.

हिराबाईंचा जन्म १८८५ मध्ये सावंतवाडी येथे कलावंतीण घराण्यात झाला. आईचे छत्र लवकर हरपल्याने मावशीने मुंबईत त्यांचा सांभाळ केला. मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले, तर गायनाची तालीम भास्करबुवा बखले यांच्याकडे मिळाली. कविता आणि कथांपासून सुरू झालेले त्यांचे लेखन लवकरच नाटकाकडे वळले. १९०४ मध्ये, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिले.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गोविंद बल्लाळ देवल, राम गणेश गडकरी, मामा वरेरकर आदी साहित्यिकांशी त्यांचा स्नेह जुळला. त्यांच्या घरी काव्य, संगीत आणि नाटकाच्या चर्चा रंगत. मात्र बैठकीत मिळणारी ही बरोबरी बाहेरच्या जगात टिकत नसे. त्यांच्या बुद्धीचे कौतुक करणारा समाज त्यांचे कुळ विसरायला तयार नव्हता. प्रतिष्ठित गृहिणीचे स्थान आणि लेखिका म्हणून निखळ मान, या दोन्ही गोष्टींची आस त्यांना होती. दोन्ही त्यांच्यापासून दूरच राहिल्या.

केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीने १९१२ मध्ये त्यांचे ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणले. व्यावसायिक रंगभूमीवर नाटक सादर झालेली पहिली मराठी लेखिका अशी हिराबाईंची ओळख सांगितली जाते ती याच नाटकामुळे. परंतु नाटक लिहिणे लेखिकेच्या हाती असले, तरी ते रंगमंचावर आणण्याची सत्ता तिच्याकडे नव्हती. संहिता स्वीकारणारे, पात्रयोजना ठरविणारे आणि गुणदोषांचा निवाडा करणारे सारे पुरुषच होते.

पुढे हिराबाईंनी मुंबईचे साहित्यवर्तुळ सोडले. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळील पालशेत येथे नेने यांच्या सोबतीने त्यांनी उर्वरित आयुष्य घालविले. त्यांची लेखणी थांबली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी वसंत कानेटकर यांचे ‘कस्तुरीमृग’ हे नाटक त्यांच्या जीवनाच्या आधारे रंगभूमीवर आले. ज्या रंगभूमीवर लेखिका म्हणून उभे राहण्यासाठी हिराबाई झगडल्या, तिथे त्या अखेर परतल्या, पण एका पुरुषाच्या नाटकातील नायिका म्हणून.