माशांची साक्ष

आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते, त्या काळात चीनमध्ये सुंग त्सु नावाचा एक न्यायाधिकारी होऊन गेला. फुजियान प्रांतात ११८६ साली त्याचा जन्म झाला. १२१७ मध्ये राज्यसेवेची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण होऊनही वडिलांचे आजारपण व निधन यांमुळे त्याची नोकरी लांबली. चाळिशीत तो पहिल्या जागेवर रुजू झाला. पुढे ग्वांगडोंग प्रांतात फौजदारी न्यायखाते त्याच्या हाती आले, तेव्हा खटले वर्षानुवर्षे तुंबलेले होते. आठ महिन्यांत त्याने २०० हून अधिक कैद्यांचे निकाल लावले.

या अनुभवातून १२४७ मध्ये त्याचा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या नावाचा आशय, अन्याय धुऊन काढणे. त्यातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. रस्त्याकडेला एका माणसाचे प्रेत सापडले. अंगावर विळ्याचे दहाएक वार होते, चीजवस्तू मात्र शाबूत होती. म्हणजे लूट नव्हे, वैर. चौकशी अधिकाऱ्याने आसपासच्या लोकांना आपापले विळे आणायला लावले. ७०-८० विळे जमिनीवर मांडले गेले. दिवस उन्हाळ्याचे होते. एकाच विळ्यावर माशा घोंगावू लागल्या. धुतलेल्या पात्यावरचा रक्ताचा वास माणसाला कळला नाही, माशांना कळला. विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. हा तपास खुद्द सुंग त्सुचा म्हणून सर्रास सांगितला जातो. ग्रंथात मात्र तो अधिकारी अनामिक आहे.

ग्रंथात चुकाही आहेत. हाडावर रक्ताचा थेंब टाकून नाते ठरवण्याची त्यातली पद्धत आज कोणी मानणार नाही. पण अधिकाऱ्याने दुर्गंधीला न कंटाळता प्रेत स्वतः पाहावे, हाताखालच्यांवर विसंबू नये, हा त्याचा आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. कारण तपासणीत कसूर झाली, की फासावर भलताच जातो.

१२४९ मध्ये सुंग त्सु वारला. त्याचा ग्रंथ पुढे कित्येक शतके चिनी अधिकारी वापरत राहिले. आज प्रेतावरच्या अळ्यांचे वय व तिथले तापमान यांवरून मृत्यूची वेळ अजमावतात. शास्त्र फार पुढे गेले. परंतु माशी फक्त खूण दाखवते. ती वाचायला जागेवर जाणारा प्रामाणिक माणूसच लागतो. सुंग त्सुची खरी शिकवण मला हीच वाटते.