फ्रा लूका पाचोली : जमाखर्चाचे आचार्य

दरवर्षी शालान्त परीक्षा उतरून आमच्या विद्यालयाचे कांहीं विद्यार्थी वाणिज्य शाखेकडे वळतात. तेथें त्यांस प्रथम कीर्द, खतावणी व ताळेबंद यांची ओळख होते. आणि पुढें विद्यापीठांत गेल्यावर हिशेबाची सारी माहिती संगणकाच्या साहाय्यानें कशी गोळा करावी, कशी लावावी व कशी तपासावी, या शास्त्राचा अभ्यास करावा लागतो. हा विषय रुक्ष आहे, त्यांत मनास उन्नत करील असें कांहीं नाहीं, अशी तक्रार अनेकदां आमच्या कानीं येते. ती ऐकतांना आम्हांस एका ख्रिस्ती धर्मबंधूंची आठवण होते. अपरिग्रहाचें व्रत घेतलेल्या या सत्पुरुषांनीं पांच शतकांपूर्वी व्यापाऱ्यांस जमाखर्च लिहिण्याची रीत छापील ग्रंथांतून शिकविली. त्यांचें चरित्र, त्यांतील गुणदोषांसह, आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

इटली देशांत तस्कनी प्रांतीं, तीबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, सान्सेपोल्क्रो नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें इ. स. १४४७ च्या सुमारास लूकाचा जन्म झाला. बापाचें नांव बार्तोलोमेओ. लूकाचें बालपण गांवांतील बेफोल्ची नामक कुटुंबाच्या आश्रयानें गेलें. याच गांवचे पिएरो देल्ला फ्रान्चेस्का हे त्या काळचे थोर चित्रकार होते. आणि चित्रकलेइतकेच ते भूमितीतही पारंगत होते. त्यांचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें या चरित्रांत तें पुन्हां येणार आहे.

सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर लूका व्हेनिस नगरास गेला. व्हेनिस म्हणजे त्या काळीं पूर्व व पश्चिम यांमधील व्यापाराची मोठी पेठच होती. तेथें आंतोनियो रोम्पियासी या व्यापाऱ्याच्या तीन मुलांस शिकविण्याची नोकरी त्यास मिळाली. दिवसा मुलांस शिकवावें, आणि दोमेनिको ब्रागादीनो या पंडितांच्या गणितावरील व्याख्यानांस जाऊन स्वतः शिकावें, असा त्याचा क्रम होता. मालाची खरेदी, विक्री, उधारी, हुंडी हें सारें त्यानें तेथेंच जवळून पाहिलें. १४७० सालीं आपल्या तीन शिष्यांकरितां त्यानें गणिताचें एक पुस्तकही लिहिलें. पुढें तो रोम येथें गेला व प्रसिद्ध वास्तुविशारद लेओन बातिस्ता आल्बेर्ती यांच्या घरीं कांहीं काळ राहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यानें संत फ्रान्सिसच्या संघांत प्रवेश केला, आणि लूकाचे फ्रा लूका, म्हणजे बंधु लूका, झाले.

१४७७ सालीं पेरूजा येथील विद्यापीठांत गणित शिकविण्यास त्यांची नेमणूक झाली. दुसऱ्याच वर्षी त्यांनीं तेथील तरुण विद्यार्थ्यांसाठीं गणिताची एक विस्तृत वही लिहून काढली. पुढें झारा, नेपल्स, रोम अशा अनेक नगरीं त्यांनीं अध्यापन केलें. स्वतःच्या गांवीं मात्र त्यांस सुख लाभलें नाहीं. पोपकडून त्यांस कांहीं विशेष सवलती मिळाल्या होत्या, त्यामुळें मठांतील बंधूंच्या मनांत असूया उत्पन्न झाली. आणि १४९१ सालीं गांवांतील तरुणांस शिकविण्याची त्यांस बंदी झाली. शिक्षकास याहून कठीण शिक्षा ती कोणती ? तथापि त्यांनीं धीर सोडला नाहीं. दोनच वर्षांनीं, १४९३ सालीं, उपवासकाळांतील प्रवचनें करण्यास त्यांसच पाचारण झालें.

नोव्हेंबर १४९४ मध्यें व्हेनिस येथें पागानीनो यांच्या छापखान्यांतून फ्रा लूकांचा महाग्रंथ बाहेर पडला. अंकगणित, बीजगणित, भूमिति व प्रमाण यांचें सार एकत्र करणारा हा सहाशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ आहे. पंडितांच्या लॅटिन भाषेंत न लिहितां त्यांनीं तो लोकभाषेंत लिहिला. त्यांतील अंकगणिताचा पुष्कळसा भाग १२०२ सालीं पिसाच्या लेओनार्दो यांनीं लिहिलेल्या ग्रंथाच्या आधारें रचला आहे; आणि त्या लेओनार्दोंनीं जे नऊ अंक व शून्य युरोपांतील व्यापाऱ्यांस शिकविले ते मुळांत आपल्या भारतभूमींतले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस अभिमानाची वाटेल.

याच ग्रंथांत छत्तीस अध्यायांचें एक प्रकरण हिशेबलेखनावर आहे. त्यांत सांगितलेली रीत थोडक्यांत अशी. व्यापाऱ्यानें देवाचें नांव घेऊन प्रथम आपल्या सर्व मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी करावी. नंतर तीन वह्या राखाव्या. पहिली कच्च्या टिपणाची. तींत व्यवहार घडतांच, जो कोणी दुकानांत असेल त्यानें तो सविस्तर लिहावा. दुसरी कीर्द, तींत तोच व्यवहार एका नाण्याच्या हिशेबांत आणून, कोणाचे नावें व कोणाचे जमा, हें स्पष्ट करून मांडावा. तिसरी खतावणी, तींत प्रत्येक खात्याचें पान निराळें ठेवून, कीर्दीतील प्रत्येक कलम दोन ठिकाणीं उतरावें. समजा, शंभर दुकातांचीं मिरीं रोखीनें घेतलीं. तर मिऱ्यांच्या खातीं शंभर नावें पडतील आणि रोकडीच्या खातीं शंभर जमा होतील. खतावणींत नोंद गेली म्हणजे कीर्दीतील कलमावर रेघ ओढावी व कडेस पानाचा आंकडा लिहावा. शेवटीं सर्व नावेंची व सर्व जमेची बेरीज करावी. दोन्ही सारख्या न आल्या तर कोठेंतरी चूक आहे असें समजून ती शोधावी.

पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करावी असेंही ते सांगतात. आपल्याकडील व्यापारी वहीच्या आरंभीं श्री लिहितात, त्याचें येथें स्मरण होतें. दोन्हीकडे भाव एकच कीं, येथें लिहिलेलें केवळ मनुष्याच्याच नव्हे, तर देवाच्याही दृष्टीखालीं आहे.

आज विद्यापीठांत हिशेबाच्या माहितीची व्यवस्था शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें या तीन वह्यांकडे पुन्हां पाहावें. व्यवहाराचा मूळ पुरावा, त्याची क्रमवार नोंद, खातेवार वर्गणी, आणि शेवटच्या आंकड्यापासून मागें मूळ पुराव्यापर्यंत पोंचविणारी खूण, हेंच संगणकास शिकवावें लागतें. कागद गेला व हातांनीं करावयाचें काम यंत्र करूं लागलें, परंतु विचाराची वाट तीच राहिली. एक मर्यादाही तीच राहिली. जो व्यवहार मुळींच लिहिला नाहीं, किंवा जो दोन्ही बाजूंस सारखाच खोटा लिहिला, तो बेरजेनें उघड होत नाहीं. तेथें लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा हाच एक आधार.

ही रीत फ्रा लूकांनीं शोधून काढली असें पुष्कळ लोक समजतात. तें बरोबर नाहीं. जिनोआ नगराच्या १३४० सालच्या सरकारी वह्या याच पद्धतीनें लिहिलेल्या आहेत. बेनेदेत्तो कोत्रुल्यी यांनीं १४५८ सालीं या विषयावर लिहिलें होतें, परंतु तें १५७३ पर्यंत छापलें गेलें नाहीं. फ्रा लूकांनीं स्वतःही शोधाचा मान घेतला नाहीं. आपण व्हेनिसची रीत सांगत आहों असेंच त्यांनीं लिहिलें. त्यांची थोरवी ही कीं, जी विद्या पेढीवर गुप्तपणें एका हातांतून दुसऱ्या हातांत जात होती, ती त्यांनीं सर्वांस खुली केली.

या ग्रंथानें त्यांची कीर्ति वाढली. मिलानचे अधिपति लुदोविको स्फोर्त्सा यांनीं त्यांस आपल्या दरबारीं बोलाविलें. तेथें लेओनार्दो दा व्हिंची त्या वेळीं प्रभूच्या शेवटच्या भोजनाचें जगप्रसिद्ध चित्र रंगवीत होते. त्यांनीं फ्रा लूकांचा ग्रंथ पूर्वीच विकत घेतला होता. त्याची किंमत त्यांनीं आपल्या टिपणवहींत मांडून ठेविली आहे. दोघांचा स्नेह जडला. फ्रा लूकांनीं गणित शिकवावें व लेओनार्दोंनीं त्यांच्या नव्या पुस्तकासाठीं घनाकृतींचीं चित्रें काढावीं, असा तो सहवास होता. १४९९ सालीं फ्रेंच सैन्यानें मिलान घेतलें, तेव्हां दोघांनींही तें नगर सोडलें.

तें पुस्तक १५०९ सालीं व्हेनिस येथें प्रसिद्ध झालें, आणि येथेंच आम्हांस एक दुःखाची गोष्ट सांगणें भाग आहे. त्याचा तिसरा भाग म्हणजे पिएरो देल्ला फ्रान्चेस्का यांच्या लॅटिन ग्रंथाचें भाषांतर आहे. पिएरो १४९२ सालीं निवर्तले होते; आणि त्या भागावर त्यांचें नांव नाहीं. १५५० सालीं व्हासारी या चरित्रकारानें याबद्दल फ्रा लूकांवर उघड चोरीचा आरोप केला. पुढें मूळ लॅटिन वही व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत सांपडली, व ताडून पाहतां या भागापुरता आरोप खरा ठरला. त्या काळीं दुसऱ्याचें लिखाण आपल्या ग्रंथांत घेणें आजच्याइतकें निंद्य मानीत नसत, आणि १४९४ च्या ग्रंथांत फ्रा लूकांनीं पिएरोंची मोठी स्तुति केली होती, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. तरीही ज्यांनीं जगास शिकविलें कीं, ज्याचें घेतलें त्याच्या खातीं तें जमा करावें, त्यांच्याच वहींत आपल्या गांवच्या वडीलधाऱ्याचें हें एक कलम जमा व्हावयाचें राहिलें. आम्ही स्वतः शिक्षक आहों. वर्गांत सांगतों त्यांतील किती आमच्या गुरूंचें आहे, आणि त्यांचीं नांवें आम्ही किती वेळां घेतों, हा प्रश्न हें चरित्र वाचतांना आमच्याच मनास टोंचला.

फ्रा लूकांचीं उरलेलीं वर्षे अध्यापनांत व मठाच्या कामांत गेलीं. १५१० सालीं सान्सेपोल्क्रोच्या मठाचे ते प्रमुख झाले. १५१४ सालीं पोप दहावे लिओ यांनीं त्यांस रोमच्या विद्यापीठांत बोलाविलें. आणि १५१७ सालीं त्यांनीं देह ठेविला. त्यांची रीत मात्र चालत राहिली. १५४३ सालीं तिच्या आधारें लिहिलेलीं पुस्तकें अँटवर्प व लंडन येथें निघालीं, आणि तेथून ती साऱ्या जगांत पसरली. ग्रंथास पांचशें वर्षे झालीं तेव्हां, १९९४ सालीं, इटलीच्या सरकारनें त्यांची मुद्रा असलेलें पांचशें लीरांचें नाणें काढलें. ज्यांनीं स्वतःपाशीं धन न ठेवण्याची शपथ वाहिली, त्यांचें चित्र नाण्यावर यावें, हा योग विलक्षण खरा !

आमचे जे विद्यार्थी हिशेबाच्या अभ्यासाकडे जातील त्यांस आमची एवढीच विनंती आहे. विश्वासू कारभाऱ्याचे दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलों. दुसऱ्याच्या धनाची खरी नोंद ठेवणें हें हलकें काम नव्हे. विधवेची ठेव, मजुराची मजुरी, शाळेची वर्गणी हीं सारीं त्या नोंदीवर अवलंबून असतात. फ्रा लूकांची रीत नीट शिका, आणि त्यांच्या हातून राहिलेलें कलमही विसरूं नका. ज्यांच्यापासून आपण कांहीं घेतलें त्यांचें नांव आपल्या वहींत जमेकडे लिहिलेलें असावें.