स्टीअरिंग हलकं करणारा माणूस

माल भरलेला जुना ट्रक गेटातून वळवताना ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठतो आणि अख्खं अंग स्टीअरिंगवर टाकतो. कुपवाड एमआयडीसीच्या आसपास वाढलेल्या माझ्यासारख्या मुलांना हे दृश्य नवीन नाही. फ्रान्सिस डेव्हिसपुढे हाच प्रश्न होता, फक्त शंभर वर्षांपूर्वी आणि अमेरिकेत. ऑटोमोबाईलच्या पुस्तकांत पॉवर स्टीअरिंगचा जनक म्हणून त्याचं नाव येतं. आपण ते परीक्षेपुरतं वाचतो आणि पुढे जातो. पण त्याची गोष्ट त्या एका ओळीत मावणारी नाही.

डेव्हिसचा जन्म १८८७ चा. हार्वर्डमधून १९१० मध्ये बाहेर पडल्यावर तो बफेलो शहरातल्या पिअर्स-अ‍ॅरो या मोटार कंपनीत लागला आणि पुढे तिच्या ट्रक विभागाचा चीफ इंजिनिअर झाला. आमच्या हॉस्टेलच्या भाषेत एकदम सेटल माणूस! पण ट्रक मोठे होत चालले होते, आणि ते वळवणारे हात मात्र तेवढेच होते. १९२२ मध्ये त्याने ती नोकरी सोडली. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात एक छोटं वर्कशॉप भाड्याने घेतलं आणि जॉर्ज जेसप नावाचा कसलेला टूलमेकर सोबतीला घेतला. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक हुशार फिटर एवढ्यावर चालणाऱ्या शेड आपल्याकडे कितीतरी आहेत, तसंच काहीसं डोळ्यासमोर आणा.

तेलाच्या दाबाने चाकं वळवायची, हे ठरवणं सोपं होतं. अडचण अशी की दाब सतत धरून ठेवला की तेल कुठून ना कुठून गळतंच. डेव्हिसने उलटा विचार केला. दाब धरून ठेवायचाच कशाला? त्याने व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. गाडी सरळ चालली असताना पंपातून आलेलं तेल नुसतं फिरून परत टाकीत जातं, दाब जवळजवळ नसतोच. स्टीअरिंग फिरवलं की व्हॉल्व्हची एक वाट आवळली जाते, पिस्टनच्या एका बाजूला दाब चढतो आणि चाकं वळायला मदत होते. स्टीअरिंग सोडलं की तेल पुन्हा मोकळं. मला विचाराल तर सगळी कमाल या एका उघड्या व्हॉल्व्हची आहे.

आणि हे एकदा डोक्यात बसलं की घरच्या गाडीचं स्टीअरिंग का बिघडलं तेही बरंच कळतं. आधी टायरमधली हवा बघायची, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग इंजिन बंद असताना ऑईलच्या डबीतली लेव्हल पाहायची. ऑईलवर फेस असेल तर आत हवा शिरली आहे, आणि वळवताना पंप कण्हल्यासारखा आवाज करतो तो त्यामुळेच. दोन्ही बाजूंना जड आणि रेस दिल्यावर हलकं, म्हणजे पंप थकलाय किंवा पट्टा सैल होऊन घसरतोय. एकाच बाजूला जड असेल तर पंपाला दोष देऊ नका, कारण पंप दोन्ही बाजूंना एकच. संशय व्हॉल्व्हवर घ्या. हवा काढायची तर पुढची चाकं उचलून खाली पक्के स्टँड लावायचे (नुसत्या जॅकवर भरवसा नको), इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं आणि लेव्हल उतरली की ऑईल भरत जायचं. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. इंजिन चालू असताना स्टीअरिंग टोकाला दाबून धरू नये, पंप तापतो. आता बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत तेलाऐवजी मोटर असते. तिथे यातलं फारसं काही लागू नाही, बॅटरी, फ्यूज आणि डॅशबोर्डवरचा दिवा बघायचा. स्टीअरिंग अडकतंय किंवा ऑईल धारेने गळतंय असं दिसलं, तर मात्र गाडी बाहेर काढायची नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं.

१९२५ पर्यंत डेव्हिसने आपल्या पिअर्स-अ‍ॅरो रोडस्टरला हे स्टीअरिंग बसवलं आणि पुढच्या वर्षी तीच गाडी दाखवायला डेट्रॉईटला नेली. जनरल मोटर्सने लगेच करार केला. कॅडिलॅकमध्ये ते येणार असं ठरलंही होतं. पण मंदी आली. गाड्याच खपेनात, तर त्यांच्यासाठी नवीन महाग पार्ट कोण बनवणार? १९३४ मध्ये कंपनीने प्रकल्प गुंडाळला. बारा वर्षांचं काम, आणि रस्त्यावर गिऱ्हाइकाची एकही गाडी नाही. आम्ही सबमिशन एकदा परत आलं तरी दोन दिवस तोंड पाडून बसतो.

डेव्हिस १९३६ मध्ये बेंडिक्स कंपनीकडे गेला. तिथेही सुरुवातीला हातावर मोजण्याइतकेच नग बनले. शेवटी मागणी आली ती युद्धामुळे. चिलखती गाड्या इतक्या जड की हाताने वळवणं कठीण, म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारो लष्करी वाहनांना त्याचं स्टीअरिंग लागलं.

युद्ध संपलं, पण पेटंटचं घड्याळ थांबलं नव्हतं. त्या काळी अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून सतरा वर्षं चालायचं. १९५१ मध्ये क्रायस्लरने इंपीरियल गाडीत पॉवर स्टीअरिंग आणलं, ते डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांवर आधारलेलं. म्हणजे कल्पना त्याची, आणि त्याला विचारायची गरजही उरली नव्हती. मला ही जागा वाचताना राग आला. तसं बेकायदा काहीच नव्हतं, तरीही. मजा अशी की क्रायस्लरने बाजी मारली म्हटल्यावर जनरल मोटर्सला जाग आली आणि ती पुन्हा डेव्हिसच्याच दारात गेली. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. १९५२ मध्ये कॅडिलॅकमध्ये ते स्टीअरिंग आलं. ठरल्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षं उशिरा. नंतर मात्र काही वर्षांतच ते अमेरिकेत लाखो गाड्यांत बसलं.

डेव्हिस १९७८ मध्ये गेला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. त्या वेळी आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनी अजून मनगटाच्या जोरावरच वळत होत्या.