कमलाताई होस्पेट

आपल्या नागपूरला मोठमोठे पुढारी होऊन गेले. पण मी आज एका नर्सबाईंची माहिती लिहीत आहे. त्यांचे नाव कमलाताई होस्पेट.

कमलाताईंचा जन्म १८९६ साली खानदेशात शिरपूर या गावी झाला. त्या काळी मुलींची लग्ने लहानपणीच करून टाकत. कमलाताईंचेही तसेच झाले. आणि थोड्याच वर्षांत त्यांचे पती वारले. विधवा बाईने हळदीकुंकवाला जायचे नाही, घराच्या कोपऱ्यात राहायचे, अशी तेव्हा वाईट रीत होती. पण कमलाताई कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. त्यांनी नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलमध्ये नर्सचे शिक्षण घेतले. चांगल्या घरच्या बाईने हे काम करू नये असे लोकांना वाटे, तरी त्या शिकल्या.

तेव्हा बाळंतपण घरीच व्हायचं, तेही अंधाऱ्या खोलीत. दवाखान्यात जायला बाया भीत. पुष्कळदा बाळ जायचं, कधी बाळंतीण पण जायची. माझ्या आजीच्या आईची दोन लेकरं अशीच गेली. आणि आई गेली की मागची लहान लेकरं उघडी पडत. म्हणून आधी आई वाचली पाहिजे.

१९२१ साली कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. पहिल्यांदा फक्त चार खाटा होत्या. हळूहळू बाया यायला लागल्या. मग विदर्भात आणि मध्य प्रदेशातही संघाच्या शाखा निघाल्या.

मला एक गोष्ट फार आवडली. त्यांचे काम बाळंतपणावर थांबले नाही. घरात ज्याला जी अडचण, त्याच्यासाठी संघाने काही तरी केले. मुलींना नर्सचे काम शिकवले. ज्या मुलांची बुद्धी हळू वाढते त्यांच्यासाठी शाळा काढली. म्हाताऱ्या माणसांसाठी पंचवटी वृद्धाश्रम काढला. समाजाचे काम शिकवणारे कॉलेजही काढले. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांची काळजी!

१९६१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९८१ साली त्या वारल्या. मातृसेवा संघाला १९२१ पासून शंभर वर्षे पूर्ण झाली आहेत.

आई आणि लेकरू यांची काळजी एकाच ठिकाणी घ्यावी, म्हणून सरकारनेही २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रात ती आधी मेळघाटातल्या धारणीला आणि मुंबईच्या धारावीत आली. आपल्या गावची अंगणवाडी त्याच योजनेची आहे. तिथे लेकरांना खाऊ मिळतो, वजन करतात, लस देतात, गाणी शिकवतात. पोटुशी बाईला पण आहार मिळतो.

आमच्या घरी दिवाळीनंतर बाळ येणार आहे. आईचे नाव अंगणवाडीत लिहिले आहे. बाळंतपण दवाखान्यातच करायचं असं माझी आजी सगळ्यांच्या आधी म्हणाली. तिने लहानपणी घरात काय काय पाहिलं आहे.

हे वाचणाऱ्या सर्व आईबाबांना माझी विनंती आहे. तुमच्या घरी बाळ येणार असेल तर लवकर नाव लिहा, आणि बाईला एकटी सोडू नका.

कमलाताईंना माझा नमस्कार.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी